जित्या माणसाच्या तसबिरीला हार

निजामाचा अंमल गेला आणि काही वर्षांतच आमच्या शहराला स्मारकांचं वेड लागलं. पोलीस ॲक्शनच्या आधी कुणाची जयंती करायची आणि कुणासाठी सुट्टी द्यायची, हे सगळं हैदराबादेहून ठरून यायचं. आता ते आपणच ठरवायचं म्हटल्यावर लोकांना काय करू नि काय नको असं झालं. चौकाचौकात समित्या निघाल्या. समितीला अध्यक्ष मिळायचा, कार्यवाह मिळायचा, सतरंजी आणि लाउडस्पीकर मिळायचा. हुतात्मा तेवढा सगळ्यांच्या वाट्याला येत नव्हता.

आमच्या गल्लीला तर कुणीच मिळेना. गल्लीतली माणसं सरळमार्गी. रझाकारांच्या धामधुमीत बहुतेक सगळे नातेवाइकांकडे खेड्यावर जाऊन राहिले होते आणि शांतता झाल्यावर भांडीकुंडी घेऊन परत आले होते. तुरुंगात जाऊन आलेला एकच होता, आणि तो सायकली चोरल्याबद्दल. समोरच्या घरात राहणाऱ्या हेडमास्तरांना या गोष्टीचं फार वाईट वाटायचं. ते गल्लीच्या टोकाला असलेल्या शाळेचे हेडमास्तर. त्यांच्या शाळेच्या हॉलमध्ये सगळ्या थोर पुरुषांच्या तसबिरी होत्या, पण स्वतः शोधून काढलेला असा एकही नव्हता.

मग एक दिवस त्यांना इंग्रजांच्या जमान्यातला एक जाडजूड ग्रंथ सापडला. त्यात आमच्या भागाची माहिती होती. पीकपाणी, पर्जन्यमान, दगडांचे प्रकार आणि मध्येच चार ओळी भिल्लांवर. सातमाळ्याच्या डोंगरातले भिल्ल उठले होते. गोऱ्या साहेबांच्या हुकमतीतल्या फौजेनं त्यांचा नाईक आणि त्याचे साथीदार पकडले, बेड्या घालून खाली आणले आणि छावणीच्या पलीकडे, पडेगावच्या बाजूला, रस्त्यावरच्या झाडाला फाशी दिलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघावं म्हणून. पुस्तकात त्यांना दरोडेखोर म्हटलं होतं. नाईकाचं नावसुद्धा लिहिण्याची तसदी कुणी घेतली नव्हती.

"इंग्रज ज्याला दरोडेखोर म्हणतो तो आपला हुतात्माच असतो," हेडमास्तर आमच्या ओट्यावर बसून म्हणाले. हे त्यांनी इतक्या आनंदानं सांगितलं की त्या गरीब माणसांना फाशी झाली होती याचा त्यांना क्षणभर विसर पडला असावा.

स्मृतिदिन करायचा ठरला. झाडाखालीच करावा म्हणून समितीची मंडळी पडेगावला गेली. माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, तेही समितीत होते, कारण ते तहसिलीत कारकून होते आणि परवानगीच्या कागदावर सही कुणाची लागते हे त्यांना ठाऊक असायचं. पडेगावात प्रत्येकानं वेगळं झाड दाखवलं. एका शेतकऱ्यानं तर हात जोडले. "माझ्या चिंचेचं नाव घेऊ नका," तो म्हणाला. "चिंचा लई चांगल्या हायेत तिला. तुमी वर्साला येऊन बसायलात तर पोरं एक बोटुक ठिवायची नाहीत." त्यामुळे कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये घ्यावा लागला.

आता खरी अडचण पुढेच होती. आपल्याकडे कार्यक्रम म्हटला की आधी प्रतिमापूजन. पाहुण्यांनी हार कशाला घालायचा, नारळ कशापुढे फोडायचा, उदबत्त्या कुणाकडे तोंड करून लावायच्या, हेच ठरलं नाही तर माणसं उभी तरी कुठं राहणार? भिल्ल नाईकाची तसबीर असणं शक्यच नव्हतं. पहिल्या वर्षी हेडमास्तरांनी फळ्यावर रंगीत खडूनं 'अज्ञात भिल्लवीर' असं सुबक लिहिलं आणि फळ्यालाच हार घातला. हार ताजा होता, गुलमंडीवरच्या फुलवाल्यानं भरपूर पाणी मारून दिलेला. भाषणं होईपर्यंत त्या पाण्यानं अक्षरं खाली ओघळत गेली. आभारप्रदर्शनाच्या वेळी पाहुण्यांनी ज्याला नमस्कार केला तो एक निळा-पिवळा डाग होता.

पुढच्या वर्षी तसबीर पाहिजेच, असं समितीनं ठरवलं. गुलमंडीच्या मागं सिनेमाचे बोर्ड रंगवणारे एक पेंटर होते. शहरातले सगळे नायक त्यांच्याच ब्रशातून उतरलेले. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "बनाता ना साब. मगर मेरे कू चेहरा होना. बगैर चेहरे के मैं क्या बनाऊं, पतंग?"

भिल्ल कसा दिसतो हे समितीत कुणालाच नीट माहीत नव्हतं, पण तो अण्णांसारखा दिसत असावा यावर एकमत झालं. अण्णा मूळचे करमाडचे, शेतकऱ्याचे. रंग काळाभोर, अंग रापलेलं, आणि मिशा अशा की साहेब लोकसुद्धा त्यांच्याशी जरा बेतानं बोलायचे. शिवाय खुर्चीत तासन्‌तास न हलता बसणं हा त्यांच्या नोकरीचाच भाग होता. पेंटरना असा माणूस सिनेमावाल्यांतही कधी मिळाला नव्हता.

अण्णांनी ही गोष्ट घरी सांगितली नाही. रविवार आला की "समितीची बैठक हाय" म्हणून जायचे आणि पेंटरच्या दुकानात मागच्या बाजूला कमरेला धोतर, डोक्याला फडकं आणि हातात धनुष्य घेऊन बसायचे. धनुष्य शाळेच्या स्नेहसंमेलनातलं होतं. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. अण्णा प्रत्येक बैठकीहून कोपरावर तांबडा रंग घेऊन येतात हे माझ्या लक्षात आलं होतं, पण समिती पताका रंगवत असेल, असं मला वाटलं.

कार्यक्रमाला सगळ्यांना सहकुटुंब बोलावलं होतं. आई नवं लुगडं नेसून बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसली, मी तिच्याशेजारी. प्रमुख पाहुणे म्हणून एक बडे अधिकारी आले होते. आदल्या दिवशीच बदलून आलेले, शहराची काही माहिती नसलेले आणि कार्यक्रम कसला आहे हे वाचायला सवड न मिळालेले. त्यांनी पडद्याची दोरी ओढली. पडदा बाजूला झाला आणि समोर आमचे अण्णा.

चित्र उत्तम होतं, यात शंकाच नाही. डोंगर होता, ढग होते, मिशा वर वळवलेल्या होत्या, डोळ्यांत आग होती. ही आग मी घरी कधी पाहिली नव्हती. पण पेंटर प्रामाणिक माणूस. समोर जे दिसलं ते सगळं त्यांनी उतरवलं होतं. नाकावर चष्म्याचा वळ होता. आणि उघड्या दंडावर, अगदी दर्शनी, देवीची लस टोचल्याच्या दोन गोल खुणा होत्या. हेडमास्तर इतिहासाचे शिक्षक. त्या खुणा त्यांना त्याच क्षणी दिसल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. लोकांना वाटलं ते नाईकाला आदरांजली वाहताहेत.

पाहुण्यांनी तबकातला हार उचलला, तेवढ्यात आई उठली. माझी आई सिल्लोडची. चार माणसांत मोठ्यानं बोललेली मी तिला तोवर पाहिली नव्हती. ती सरळ व्यासपीठापर्यंत गेली आणि शांतपणे म्हणाली, "थांबा साहेब. त्यो माणूस जिता हाय. थितं दुसऱ्या रांगंत बसलाय."

पाहुण्यांना खरोखरच आनंद झाला. हुतात्म्यांच्या कार्यक्रमात हुतात्मा हजर असणं हा योग त्यांच्या नोकरीत पहिल्यांदाच आला असणार. ते खाली उतरले, दुसऱ्या रांगेत गेले आणि तो हार अण्णांच्या गळ्यात घातला. अण्णा सवयीनं उभे राहिले. साहेब समोर आला की उभं राहायचं, एवढं त्यांना माहीत होतं.

"आपण किती वर्षं आत होतात?" पाहुण्यांनी गहिवरून विचारलं.

"मी तहसिलीत आहे, साहेब," अण्णा म्हणाले.

"हो, पण किती वर्षं?"

अण्णांनी वर्षं सांगितली. पाहुण्यांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढं भाषणातही त्यांनी अण्णांनी भोगलेल्या यातनांचा उल्लेख केला. तहसिलीतले जे लोक तिथं होते त्यांना तो अगदी पटला.

घरी आल्यावर मात्र हसण्याचं काही कारण नव्हतं. आई दोन दिवस अण्णांशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली. "उघड्या अंगानं पेंटरच्या दुकानात बसलात, त्याचं मला काय नाय. पन हार? जित्या मानसाच्या फोटोला हार घालाया निघाले, आन् तुमी गंमत बघायलात?" आमच्याकडं भिंतीवरच्या तसबिरीला हार म्हणजे तो माणूस गेला. आईला यात थट्टा दिसत नव्हती. सिल्लोडला तिच्या वडिलांच्या फोटोला एका दसऱ्याला कुणी तरी हौसेनं झेंडूची माळ अडकवली होती, आणि त्यांनी पुढची दिवाळी पाहिली नाही. ते दम्यानं गेले, असं अण्णा म्हणायचे. आईनं ती माळ स्वतः पाहिली होती, त्यामुळे तिला दम्याचं काही सांगून उपयोग नव्हता.

शेवटी हेडमास्तर मध्ये पडले आणि तडजोड झाली. चित्रावर इतका खर्च झाला होता की ते काढणं शक्य नव्हतं. चित्र भिंतीवर राहील, पण हार चित्राला लागणार नाही. खाली टेबलावर कलश ठेवायचा आणि कलशाला हार घालायचा. आई दर वर्षी स्वतः जाऊन बघायची की हाराचं टोक चौकटीला शिवत तर नाही ना. अण्णा मात्र त्या हॉलमध्ये गेले की मान जरा ताठ ठेवायचे. घरी त्यांना कुणी नाईक समजत नव्हतं.

असं एक-दोन वर्षं सुरळीत चाललं. मग डोंगरातून तो आला.

कन्नडच्या वरच्या अंगाला एक भिल्लांचा पाडा आहे, तिथला. जंगलखात्यात गार्ड होता. खाकी कपडे कडक इस्त्रीचे, बूट चकचकीत, आणि बोलायला लागला की आपण वाघ कसा पाहिला हे सांगितल्याशिवाय थांबायचा नाही. फाशी दिलेला नाईक त्याच्या पणज्याचा बाप. शहरात आपल्या म्हाताऱ्याचा दिवस करतात हे त्याला कुणी तरी सांगितलं आणि तो रजा टाकून, एस.टी.नं, पहिल्या रांगेत येऊन बसला. हेडमास्तरांना आकाश ठेंगणं झालं. शोधून काढलेल्या हुतात्म्याचा खराखुरा वंशज. त्यांनी त्याचा सत्कार केला, दोन शब्द बोलायची विनंती केली. तो उठला, चित्राकडे बघत राहिला, मग भिंतीवरच्या बाकी तसबिरींकडे बघितलं. आमच्याकडे एकाचा कार्यक्रम असला तरी कुणाला वाईट वाटू नये म्हणून त्या दिवशी सगळ्याच थोर पुरुषांना हार घालतात.

"मी काय जास्त बोलत नाय," तो म्हणाला. "समद्यांला हार हाय. ज्याचा दिस त्योच उघडा. असं कामून?"

हेडमास्तर पुढं झाले. कलश वगैरे सांगून बघितलं, पण ते त्याला पटलं नाही आणि पटण्यासारखं नव्हतंही. त्याच्या आज्याला रोज संध्याकाळी पोलीस चौकीवर हजेरी द्यावी लागायची, कारण ही जातच चोरांची असं सरकारदरबारी लिहिलेलं होतं. आजारी पडला तरी खाटेवर घालून न्यायचे. आणि आता कुठं शहरात म्हाताऱ्यासमोर लोक हात जोडायला लागले, तर गळ्यात हार नाही. त्याला वाटलं, आपल्या माणसाला बोलावतात पण पंगतीत बसवत नाहीत.

हेडमास्तर त्याला हाताला धरून आमच्या घरी घेऊन आले. दुसरा काही इलाज त्यांना सुचला नाही. अण्णा बनियनवर बसून जेवत होते. गार्ड उंबऱ्यात थांबला. त्यानं अण्णांकडं पाहिलं, मिशा पाहिल्या, दंडावरच्या खुणा पाहिल्या. मग भिंतीला टेकून हळूच खाली बसला.

"नाईक भाकर खायलेत," तो म्हणाला.

आईनं त्यालाही ताट वाढलं. सगळा प्रकार सांगितला. तो पेंटरपासून पाहुण्यांपर्यंत ऐकत गेला आणि मध्येच त्याला हसू फुटलं. ठसका लागला, पाणी प्यायला, पुन्हा हसला. पण ताट संपल्यावर त्यानं हजेरीची गोष्ट सांगितली आणि म्हणाला, "बाई, तुमचं समजलं मला. पर आमच्या म्हाताऱ्याला दुसरं तोंड नाय. हेच मिळालंय."

आईनं त्याचं ताट उचललं. "भाऊ, तुमचं खरं हाय," ती म्हणाली. "पन माझा बी नवरा एकच हाय."

मग समितीनं चेहरा बदलायचं ठरवलं. पेंटरना हे मुळीच पसंत नव्हतं, तरी त्यांनी चित्राला दाढी काढून दिली. आईनं बघितलं आणि म्हणाली, "दाढी वाढली म्हून नवरा वळखू येत नाय व्हय?" पेंटरनी दाढी पुसली. दुसऱ्या कुणाचा तरी चेहरा घ्यावा म्हणून चौकशी झाली. समितीतले सगळे देशासाठी प्राण द्यायला तयार होते, असं ते दर वर्षी भाषणात सांगायचेच. पण तसबिरीसाठी चेहरा द्यायचा म्हटल्यावर प्रत्येकाला घरी विचारावं लागलं, आणि घरून जे उत्तर आलं ते कुणी समितीत सांगितलं नाही.

शेवटी गार्डच म्हणाला, "माझं तोंड घ्या की. घरचंच हाय." तो गुळगुळीत दाढी केलेला, गोल गालांचा आणि जरासा सुटलेला होता. पेंटरनी त्याला बाजूनं, समोरून, खालून बघितलं आणि काही न बोलता पान लावायला घेतलं. तरी ठरलं. पुढच्या खेपेला येऊन बसतो, म्हणून गार्ड गेला.

पुढच्या वर्षी आला तेव्हा बूट तेवढेच चकचकीत होते, पण वाघाचा विषय निघाला नाही. "जमायचं नाय," तो अण्णांना म्हणाला. "आमच्या घरची बी तुमच्या घरच्यासारखीच निघाली. हार म्हनताच तिनं मुसळ उचललं." अण्णांनी त्याला बिडी दिली. दोघं ओट्यावर बसून कितीतरी वेळ ओढत राहिले. इतकी मनापासूनची दोस्ती अण्णांची तहसिलीत कुणाशी झाली नव्हती. त्या वर्षीही हार कलशालाच पडला आणि गार्डनं त्याच्याकडे न बघता चिवडा खाल्ला.

त्याच्या नंतरच्या वर्षी त्याच्याबरोबर त्याची बायको आली. आपल्यासारखंच बोलणारी ती शहरातली बाई कोण, हे तिला बघायचं होतं. हॉलवर न जाता ती आधी आमच्या घरी आली. उंच, हातात कथलाची कडी, बोलायला हळू. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. बाई सरळ स्वयंपाकघरात येऊन बसली. आधी दोघींनी आपापल्या नवऱ्यांची यथेच्छ निंदा केली. एकीचा नवरा कुणीही बस म्हटलं की बसतो, दुसरीचा कुणीही चल म्हटलं की चालू लागतो. दोघींचं छान जमलं. मी कांदा चिरत ऐकत होते.

मग आई म्हणाली, "मला तुमच्या म्हाताऱ्याचं वाईट वाटतं बाई. पन भ्या बी वाटतं."

"भ्यावच की," ती म्हणाली. "मी बी भ्याले म्हून तर नको म्हनले." जरा थांबून तिनं सांगितलं, "म्हाताऱ्याला झाडावरून खाली काढू दिलं नव्हतं. शिपाई बसवले होते. त्याची बायको डोंगरावरून चालत आली, वट्यात रानातली फुलं घेऊन. तिला जवळ जाऊ दिलं नाय. लांबून बघितलं तिनं दिसभर, आन् फुलं घेऊन माघारी आली. आमच्याकडं वीराच्या दगडाला शेंदूर लावला की घरातली बाई दोनदा फुलं वाहती. एकदा आपली, एकदा तिची. माझी सासू म्हनायची, ती फुलं अजून द्यायची राह्यलीत. दगडाला वाहून काय व्हतंय, त्याच्या गळ्यात कुठं पडलीत."

तव्यावरची भाकरी जळली. माझ्या आईच्या हातची भाकरी मी जळलेली पाहिली ती तेवढीच. तिनं ती उतरवली, बाजूला ठेवली आणि हात धुतले. मला वाटलं, आता ती रडेल. तिनं लुगडं बदललं आणि म्हणाली, "चला."

हॉलमध्ये तिनं आधी अण्णांना दुसऱ्या रांगेतून उठवलं आणि बायकांच्या सतरंजीवर आपल्या शेजारी आणून बसवलं. सगळी समिती बघत राहिली. मग तिनं अण्णांचं मनगट घट्ट धरलं, बोटं नाडीवर ठेवली आणि हेडमास्तरांना म्हणाली, "त्या बाईच्या हातात हार द्या. तिला घालू द्या. कलशाला नाय, चित्राला."

गार्डची बायको स्टुलावर चढली. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, पण चित्राकडे फार थोडे लोक बघत होते. बाकी सगळे अण्णांकडे बघत होते. हार चौकटीवरून खाली घसरत नाईकाच्या गळ्यात बसला. त्याच वेळी अण्णांना जोरात शिंक आली. बायकांच्या बाजूला एकच गलबला झाला. कुणी पाणी आणलं, कुणी कांदा आणायला धावलं.

"अगं, हात दुखायलाय," अण्णा कुजबुजले.

"दुखू द्या," आई म्हणाली. "दुखतोय म्हंजे हायत." तिचं कपाळ घामानं भिजलं होतं. ती किती घाबरली होती हे मला तेव्हा कळलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तिचा अभिमान वाटला. गार्ड पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होता, आणि मध्येच वळून अण्णा ठीक आहेत ना ते बघत होता.

त्या संध्याकाळी आईनं मीठमिरच्या ओवाळून अण्णांची दृष्ट काढली. महिनाभर त्यांना सायकल दिली नाही, विहिरीच्या काठाशी जाऊ दिलं नाही. अण्णांना काही झालं नाही. उलट रोज रिक्षानं कचेरीत गेल्यामुळे त्यांचं वजन वाढलं.

पुढं तो रिवाजच पडून गेला. दर वर्षी थंडीत डोंगरातून दोघं यायचे, आमच्याकडे जेवायचे, मग हॉलमध्ये गार्डची बायको हार घालायची आणि आई अण्णांचं मनगट धरून बसायची. नवीन येणाऱ्या शिक्षकांना हा विधीचाच भाग वाटायचा. शाळेतल्या पोरांची तर समजूत होती की फाशी गेलेला नाईक दर वर्षी कार्यक्रमाला येतो आणि त्याची बायको त्याला पळून जाऊ देत नाही. अण्णांच्या मिशा पांढऱ्या झाल्या, केस गेले, चित्रातला नाईक तसाच राहिला. दंडावरच्या खुणा तेवढ्या दोघांच्याही सारख्या. हेडमास्तरांनी त्या रंगवून टाकायचं कितीदा तरी काढलं. आई नको म्हणायची.

अण्णा गेले ते चांगलं वय होऊन, एका उन्हाळ्यात. त्यांना न्यायच्या आत गार्ड आणि त्याची बायको पोचली. तिनं ओटीत रानातली फुलं आणली होती, दोऱ्यात ओवलेली, वाटेत कोमेजलेली. ती तिनं आईच्या हातात दिली. "तुमी घाला," ती म्हणाली. "तुमाला कुनी अडवत नाय." आईनं ती अण्णांच्या गळ्यात घातली. नंतर शेजारणींपैकी कुणी तरी हाराचा विषय काढलाच, तेव्हा आई म्हणाली, "हारानं नाय नेलं त्यांना. बिड्यांनी नेलं." गार्डनं मान खाली घातली, कारण निम्म्या बिड्या त्याच्याबरोबर ओढलेल्या होत्या.

त्या वर्षी स्मृतिदिन आला तेव्हा आई येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. ती आली. मी माहेरी आले होते, मीच तिला घेऊन गेले. हेडमास्तर आता काठी टेकत चालायचे. त्यांनी तबकातला हार उचलून आईपुढं धरला. त्यांना वाटलं, आता तो मान तिचा. हॉलमधल्या सगळ्यांनाच तसं वाटलं असेल.

आईनं हार घेतला आणि चित्राकडं बघत उभी राहिली. मिशा बघितल्या, शाळेतलं ते धनुष्य बघितलं, दंडावरच्या दोन गोल खुणांपाशी तिची नजर बराच वेळ थांबली. मग ती वळली आणि हार गार्डच्या बायकोच्या हातात दिला.

"माझ्या मानसाला मी घातलीत फुलं," ती म्हणाली. "ह्यो तुमचा हाय. पैल्यापासून तुमचाच व्हता."

ती येऊन माझ्या शेजारी सतरंजीवर बसली. गार्डची बायको स्टुलावर चढली, म्हातारपणामुळे जरा सावकाश, आणि तिनं हार वर उचलला. तसं आईनं न बघता हात लांब केला आणि माझं मनगट धरलं. पाहुण्यांचं भाषण झालं, आभार झाले, चिवडा वाटून संपला, सतरंज्या गुंडाळायला लागले, तरी तिनं ते सोडलं नाही. मला खूप दुखत होतं. मी हात तसाच राहू दिला.